पांढरी

बर्फ उतरला की आई गाढव घेऊन चढायची
आक्चाओरेनच्या माथ्यावर.
खाली काळी, नांगराची.
वर पांढरी, घरांची.
कुदळ अलगद रुतायची. माती लोण्यासारखी निघे
आणि उन्हात तिच्यात धागे चमकत,
कोकराच्या लोकरीहून बारीक.

भिजवायची, चाळायची, पुन्हा भिजवायची,
मग मेंढीच्या कातड्याचा बोळा घेऊन भिंतीवर
वरून खाली, वरून खाली.
शेजारची एलमास म्हणायची, या मातीत ढेकूण टिकत नाही.
खरंच नाही टिकला.

बाळांच्या दुपट्यातही तीच, तव्यावर कोमट करून.
माझ्याही.
टाकली की रडणं थांबायचं म्हणे.

येतेर तिचं नाव. येतेर म्हणजे पुरे.
पाचवी मुलगी झाली तेव्हा आजोबांनी
देवाला धाडलेला निरोप.

एस्किशेहिरच्या दवाखान्यात काचेमागून आवाज आला:
श्वास घ्या. रोखा. सोडा.
तिसऱ्या शब्दापर्यंत आई पोचलीच नाही, खोकली.
पुन्हा काढला.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, नखं कुरतडलेली.
कारखान्यात होतात? नाही.
खाणीत? बोटीवर? नाही.
मग काम कुठं केलंत?
घरी.

तिनं फिल्म उजेडावर धरली.
हवा काळी दिसते, म्हणाली, तशीच दिसायला हवी.
आणि हे कडेकडेनं, मेण ओघळून थिजल्यासारखं,
हे फुप्फुसाचं अस्तर.

अस्तर म्हटल्यावर आई सरसावून बसली.
चाळीस वर्षं तिनं गावाचे कोट शिवले होते.
अस्तर कुणी बघत नाही,
पण ते आखडलं की कोट अंगावर बसत नाही.
"उसवून दुसरं नाही का लावता येत?"
बाई हसली नाही. मला ते बरं वाटलं.

या डागांनी कुणी जात नाही, ती म्हणाली,
तुमच्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांना असतात.
डावीकडचं पाणी मात्र वेगळं. ते तपासायला हवं.
दीड लिटर निघालं, चहाच्या रंगाचं.
आईनं बाटलीकडे मान वळवली:
"फिका झालाय. अजून मुरायला हवा होता."

माती काढायची जागा आता बंद आहे. तारेचं कुंपण, गंजकी पाटी.
घराला सरकारी रंग, पिस्त्याच्या सालीसारखा.
एलमास दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा सगळे म्हणाले, थंडी बाधली.

बसमध्ये आईला माझ्या कोटाचं अस्तर दिसलं,
खालून लोंबणारं.
रुमालाच्या काठातली सुई तिनं काढली, धागा ओला केला,
आणि कोट अंगावर असतानाच टाके घालू लागली.
खिडकीबाहेर पॉपलरच्या रांगा मागे पळत होत्या.
माझी फिल्म नोव्हेंबरात. तिला सांगितलेलं नाही.
रस्ता खराब लागला. बस हिंदकळली.
"टोचेल," ती म्हणाली.
"जरा श्वास रोखून धर."