अर्धी टाकी

ऑर्लँडो म्हणाला, भरायची तर काठोकाठ भर.
मी काटकसरी. अर्धीच भरली.
सोलानो रस्त्याच्या सिग्नलला ब्रेक दाबला,
व्हॅन थांबली, पाणी थांबलं नाही.
मागून असा धपका बसला
की आरशात बघितलं, कोण धडकलं म्हणून.

एकवीस वर्षं शाळेची बस चालवली मी लास क्रूसेसमध्ये.
सीटखालचे च्युइंगगम, ओकाऱ्या,
एकदा जेवणाच्या डब्यात जिवंत सरडा.
मग मार्ग कमी केले, आणि मला केक दिला.
केकवर रमोना ऐवजी रोमाना लिहिलं होतं.
मी तोच तुकडा आधी कापला.

वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला:
जनरेटर, व्हॅक्यूम, दोन बादल्या,
एक साबणाची, एक हातमोजा खळबळायची,
चाळीस फडकी, काचेची निळी, चाकांची काळी
(काळं फडकं रंगावर फिरलं तर ओरखडा जन्माचा).
विमा सगळ्यात खाली लिहिला,
बारीक अक्षरात, स्वतःलाही दिसू नये असा.

परवान्याच्या खिडकीतला पोरगा म्हणाला,
साबणाचं पाणी गटारात जाता कामा नये, नदीला मिळतं.
म्हटलं, नदीत पाणी असतं कुठे आपल्या?
तो हसला नाही.
पाणी अडवायची चटई घेतली. एकशे ऐंशी डॉलर.

पहिली तीन गिऱ्हाइकं नात्यातली, म्हणजे फुकट.
चौथा दातांचा डॉक्टर. काळा पिकअप, भर दुपार.
दारापर्यंत पोचते तोवर
छतावर साबण वाळून नकाशे उमटलेले.
पुन्हा धुतली. पुन्हा वाळला.
त्याने पैसे दिले, आणि वर एक टूथब्रश दिला,
टोमणा होता की भेट, अजून कळलेलं नाही.
(जाळीतली धूळ त्यानेच निघते.)
तेव्हापासून पहाटे पाचला निघते.

मग ही मुलगी. लाँड्रीच्या मागच्या पार्किंगमध्ये.
राखाडी होंडा. म्हणाली, फक्त आतून. आणि आजच.
म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं काम मिळतंय,
सोमवारी गाडी तपासणार आहेत.
तिने सामान काढून कडेला मांडलं:
उशी, किटली, दोन पिशव्या कपडे,
कॉफीच्या डब्यात लावलेलं निवडुंग.
सामानाकडे पाठ करून उभी राहिली,
जणू ते दुसऱ्याच कुणाचं.

मी काही विचारलं नाही. काच बोलली.
समोरच्या काचेला आतून साय धरलेली,
ही साय मला ठाऊक आहे, जानेवारीच्या बसमधली,
चाळीस पोरांच्या श्वासांची.
इथे एकाच माणसाची होती, पण खूप रात्रींची.
एकदा पुसली, उन्हात रेघा दिसल्या.
दुसऱ्यांदा पुसली.
तिसऱ्यांदा डोकं डॅशबोर्डखाली घालून,
कोपऱ्यात, जिथे बोटं पोचत नाहीत.

मागच्या सीटला कुशीएवढा खळगा होता.
ब्रशने कापड उभं करत गेले, पुन्हा बसत गेलं.
विचारलं, पुढची सीट सरळ करू?
म्हणाली, नको.
मग म्हणाली, करा. सोमवारपर्यंत.

पंचाहत्तर डॉलर. पाच-पाचच्या नोटा, मग नाणी.
कमी सांगायला तोंड उघडलं होतं मी,
तेवढ्यात तिने नाणी दुसऱ्यांदा मोजायला घेतली,
ओठ हलवत, मान ताठ.
तोंड मिटलं. सगळे घेतले.
पावती लिहिली. नाव? नोएमी ट्रुहियो.
पुढची ओळ पत्त्याची.
पेन तिथून मीच खाली नेलं, तारखेवर.

उशी तिने पुढच्या सीटवर ठेवली.
मग काढून डिकीत टाकली.
निवडुंग मात्र पुढेच, पट्टा लावून.

रात्री ऑर्लँडोने विचारलं, सुटले किती?
साबण, पेट्रोल, विमा वजा जाता एकेचाळीस.
आणि वेळ?
साडेचार तास, म्हटलं.
त्याने मनात भागाकार केला, मला दिसला,
पण उत्तर बोलला नाही.
टाकीत किती उरलंय, एवढंच विचारलं.
अर्धी.
नळी घेऊन अंगणात गेला तो,
आणि मी आतून ओरडले,
या वेळी काठोकाठ.