ऊद

परतवाड्याच्या लाकूड डेपोत एकोणीस वर्षं
सागाच्या गोलाईला टेप लावतोय मी.
लांबी, घेर, गाठी किती, पोकळ आहे का.
हातोड्याचा शिक्का. पुढचा लठ्ठा.

रात्रपाळीत बाबूलाल बेठेकरच्या मोबाइलवर
एकदा ते वाजलं, आणि मी वही मिटली.
कुणीतरी लाकडाच्या आत बसून बोलत होतं.
नाव आलं होतं : ऊद.
बाबूलाल म्हणाला, उदमांजराचं वाद्य हाय का बाप्पा?
घरी शकुन म्हणाली, ऊद तं जाळतेत, वाजवतेत काहून?

मग सहा महिने नुसतं विचारत राहिलो.
अरबी ऊद मोठा, खर्जातला, पोटातून बोलणारा.
तुर्की जरा आखूड, साडेअठ्ठावन्न सेंटिमीटर तार,
आवाज उजळ,
माझ्या जाड बोटांनाही पोचेल एवढा.
टेपवर साडेअठ्ठावन्नापाशी नखानं खूण केली.
तिच्यावरून त्या साली किती साग गेला.

सणाची उचल साडेबारा हजार,
शकुनच्या शिलाईचे चार.

अमरावतीत डॉक्टर निखत यांच्या दिवाणखान्यात
दोन होते, भावानं इस्तंबूलहून आणलेले.
भाऊ आता वाजवत नाही. का, ते विचारलं नाही.
एक झगमगता, काठाला शिंपल्याची नक्षी.
दुसरा साधा, पाठीवर ओरखडा,
जाळीची एक पाकळी तुटलेली.

नक्षीवाल्याची मान डोळ्यापाशी धरली,
लठ्ठा धरून पाहतो तशी.
वाकलेली.
तारा इतक्या उंच, की खालून नाण्यांची चळत सरकावी.
साध्याची मान सरळ होती.
तोंडाच्या फळीवर रेषा उभ्या, केसाएवढ्या,
थंडीत सावकाश वाढलेलं कुठलं तरी झाड.
बोटाच्या पेरानं टकटक केली.

पोकळ.

जन्मभर या आवाजापुढे
मी वहीत 'दोष' लिहीत आलो.

"खुंट्या घसरतात हं," बाई स्वतःच म्हणाल्या,
"खडू लावावा लागेल. त्याचे दोन हजार कमी द्या."
साडेचौदात अकरा तारा.
एसटीत मांडीवर,
कंडक्टरनं तिकीट अर्धं फाडावं का पुरं, असा विचार केला.

मे महिना. शेहेचाळीस अंश.
कूलरसमोर ठेवायचा नाही, कोरड्यातही नाही,
फळी तडकते.
माठाशेजारी जागा केली, वरून ओलं फडकं टांगलं.
शकुन म्हणते, माणसं आंगणात भाजतेत
अन् याले माठाची सावली.

मग जवळ येऊन मानेवरून हात फिरवते.
"सतारीले पडदे असतेत. याले काहून नाई?"
नसतातच याला.
"मंग चुकलं तं लपाचं कुठी?"

बाबूलालनं केबल बांधायची पट्टी तासून दिली,
तीच माझी नखी.
पहिला सूर सा नव्हता.
रे पण नव्हता.
दोन गावांच्या मधल्या शिवारात उभा होता कुठेतरी,
विचारायला माणूस नाही.
बोट सरकवलं. जास्त झालं.
इथे टेप लागत नाही.

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला.
"मांगं घ्या थोडं," शकुन तिथूनच म्हणाली.
घेतलं.
"अजून जरासं.
हं.
आता तिथीच राहा."