अनोळखी व्यक्ती नोंद

संघाची सचिव मी,
कारण माझं अक्षर बरं आहे
आणि मला नाही म्हणता येत नाही.

नंदनवन रहिवासी संघ, लातूर.
चव्वेचाळीस प्लॉट, एकोणतीस बोअर, त्यातले नऊ कोरडे.
एक ओपन स्पेस, नकाशात हिरवी,
प्रत्यक्षात गाजरगवत, दोन लिंब
आणि एक तिरपी पायवाट,
जी कुणी आखली नव्हती.

चैत्रात हालगेंच्या अंगणातून मोटर गेली.
मग शेख सरांच्या दोन सायकली.
मग काहीच गेलं नाही,
पण आता जाणार, असं सगळ्यांना वाटू लागलं.
रात्री दोनदा उठून कडी बघायची,
कुत्रं भुंकलं की एक लाइट, मग शेजारी एक,
मग अख्खी गल्ली जागी, आणि रस्त्यावर कुत्रं.

बिराजदारांच्या गच्चीवर बैठक, चहा, भाजलेल्या शेंगा.
ठराव: मागच्या बाजूला फाटक. फाटकावर माणूस.
माणसापुढे वही.
वर्गणी घरामागे दोनशे,
शिकवणीची पोरं भाड्यानं ठेवलेल्यांनी साडेतीनशे.
यावर पाऊण तास गेला,
कारण पोरं बहुतेकांनी ठेवलेली.

वहीवर मी स्केचपेननं ठळक लिहिलं:
अनोळखी व्यक्ती नोंद.
नाव, गाव, कुणाकडे, कशासाठी, आत, बाहेर, सही.

पहिली अनोळखी, पारूबाई.
अकरा वर्षं त्या तिरप्या वाटेनं येते, डोक्यावर पाटी.
लेकीच्या डोहाळ्याला कैऱ्या तिनंच आणल्या.
बिराजदारांना साखर आहे
हे त्यांच्या सुनेआधी तिला ठाऊक.
रंजित वॉचमन, आठवड्यापूर्वी औरादहून आलेला,
म्हणाला, मावशी, आधार?
ती म्हणाली, आधार कशाला रे लेकरा,
पाटीला हात लाव.

दंडिमे. तिचं आडनाव मला
त्या रकान्यात कळलं.
मग रोज अंगठा. आत सात दहा, बाहेर आठ पंचवीस.
कशासाठी: मेथी, शेपू, चुका.
तिच्याखाली धुणीभांड्याच्या तिघी,
इस्त्रीवाला, कल्हईवाला एकदाच.

आषाढात ओपन स्पेसवर चुन्याच्या रेघा पडल्या.
सात मजली वसतिगृह.
बिल्डरच्या माणसाच्या कागदावर तीन शब्द:
पडीक, बिनवापराची, मोकळी.

या बैठकीत शेंगा नव्हत्या.
हालगेकाकू म्हणाल्या, आपले बोअर आटतील.
मागून कुणीतरी हळूच म्हणालं, आपली भाडी पडतील.
मी दोन्ही लिहून घेतलं.
लिंबांबद्दल कुणी काही बोललं नाही,
मीही नाही.

स्वामी वकिलांनी विचारलं, वहिवाट होती, पुरावा काय?
आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.
आमच्यातलं कुणी तिथं पाय ठेवलेलाच नव्हता,
कचरा टाकायला गेलो तेवढेच, तेही कठड्यावरून.

तेव्हा रंजितनं वही आणून ठेवली.
तेलकट कोपरे, शाईचे अंगठे, पानांमागून पानं,
तीन महिने चाललेली माणसं.
वकील पानं उलटत गेले.
कमी आहे, म्हणाले, पण आहे.
साक्षीला एक जण लागेल, याच वाटेनं येणारं.

संध्याकाळी मी त्या वाटेनं निघाले,
पहिल्यांदाच. साडीला कुसळं.
वाटलं त्यापेक्षा लांब आहे ती, आणि मध्ये एक खळगा
जो डोक्यावर पाटी असताना दिसत नसणार.

पारूबाई जुड्या बांधत होती.
येते की, म्हणाली, न यायला काय झालं.
सुतळीची गाठ दातानं आवळली, मग म्हणाली,
पण ताई, साहेबानं इचारलं, ही बाई कोण,
तर काय सांगताव?
वहीवर काय लिवलंय ते
नातीनं वाचून दाखवलंय मला.

परत आले. फाटकावरची वही मागितली,
पुठ्ठ्यावरचा पहिला शब्द शोधला,
स्केचपेनचं टोपण काढलं.

फोनवर स्वामी वकील म्हणाले,
हात लावू नका.
पुराव्यात खाडाखोड चालत नाही.