खटका

चाळीस वर्षं मी फक्त उघडे चाकू केले.
बर्चच्या सालीची मूठ, पितळेची टोपी,
कमरेला चामड्याचं म्यान.
कौहावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल,
चाकू म्हणजे हाच.
बाप म्हणायचा, जो मिटतो
तो आधीच मधोमध मोडलेला असतो.

आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी,
जानेवारीत, सकाळचे नऊ, बाहेर मिट्ट काळोख,
मी पुठ्ठ्याचा चाकू कापत बसलोय.
पुठ्ठ्याचं पातं, पुठ्ठ्याची कमान,
मध्ये खिळीच्या जागी टाचणी.
उघडतो, मिटतो. उघडतो, मिटतो.
दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा.
पात्यावर अर्धी गाय.

पहिला पोलादी मिटताना कमानीवर आपटला,
धारेला दात पडले.
दुसऱ्याचं भोक केसभर चुकलं.
केसभर म्हणजे किती, ते मला ठाऊक आहे
असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.
पातं एका अंगाला घासत जायचं,
रुसलेला माणूस भिंतीकडेने जातो तसं.
तिसऱ्याची खीळ ठोकली,
अजून एक टोला, अजून एक,
आणि तो गप्प. उघडेचना.
नखाखाली रक्त साकळलं.

लेम्पीकडे गेलो. ती घड्याळं दुरुस्त करते.
भिंग लावून खीळ बघत राहिली,
मग म्हणाली, "तौनो, तू जोडायला बसलास की कोंडायला?"
वर्तमानपत्राचा एक कपटा फाडला,
हवामानाचा रकाना होता, उणे एकवीस,
त्याचे दोन तुकडे तेलात बुडवून
पात्याच्या दोन्ही अंगांना सरकवले.
"आता ठोक. मग कागद ओढून काढ.
कागदाएवढी जागा राहील.
तेवढी सोडावीच लागते."

ओइवाला हे कोणी सांगितलं होतं?
सोळाव्या वर्षी त्याने केला होता एक,
चोरून, करवतीच्या तुकड्यातून,
मूठ रेनडिअरच्या शिंगाची.
जेवणाच्या टेबलावर मिटवून दाखवला: खट्.
बापाने तो उचलला, चुलीचं दार उघडलं.
शिंग जळताना केस जळल्यासारखा वास येतो.
बाप एक शब्द बोलला नाही.
हसलो तो मी.
सकाळी राखेत पातं सापडलं,
पाणी उतरलेलं.

बर्फ वितळल्यावर तो स्वीडनला गेला,
गोथेनबर्गला, मोटारींच्या कारखान्यात.
आमचे खटके उडाले असंही म्हणवत नाही.
खटका उडायला
दोन भाग एकमेकांना लागावे लागतात.

आता त्याच्या मुलीची, रीत्ताची चिठ्ठी:
बाबा बाकावर बसून सफरचंद सोलतात,
प्लास्टिकच्या सुरीने.
खिशात मावेल असं काही कराल का, काका?
त्याने सांगितलं म्हणून लिहिलं की आपणहून,
ते तिने लिहिलेलं नाही.
मी ती ओळ शोधत
कागद दोनदा उलटा करून पाहिला.

हा सातवा.
कमान तापवली, निळी झाक चढताच थांबलो.
नखाने पातं उचललं.
अर्ध्यावर जरा अडलं,
उंबऱ्यात कोणी थबकतं तसं,
मग आलं बाहेर.
मिटताना मात्र बोट बाजूला घ्यायचं असतं,
हे माझ्या हाताला अजून कळत नाही.
जन्मभर धार दुसरीकडे रोखायची सवय;
ही वळून माझ्याच अंगावर येते.
बोटं गोळा करतो, श्वास धरतो,
पातं लवतं न लवतं तोच
खट्.

लेम्पी फोनवर म्हणाली, पुन्हा ऐकव.
ऐकवला.
म्हणाली, हं.

खोक्यात चाकूबरोबर
त्या कागदाचा एक तेलकट तुकडा ठेवला.
उणे एकवीस अजून वाचता येतं.
दुसरं काही लिहायला सुचलं नाही.
पातं किंचित डावीकडे झुकतं,
ते दिसतंय मला. राहू दिलं.
सफरचंद सोलता येईल.