उपासाला काय चालतं

मिरजेला शेजारच्या देशिंगकर काकू विचारायच्या,
तुमच्यात उपासाला काय चालतं गं?
वरी? शेंगदाणे? रताळं तरी?
आई म्हणायची, काहीच नाही. पाणी.
काकू हळहळायच्या,
आणि वाटीभर खिचडी पाठवायच्या,
नेमकी आमचा उपास नसेल त्या दिवशी.

इथे बर्न्लीत कोणी विचारत नाही.
चॅपलच्या दाराला आतून कागद चिकटवलाय,
सात दिवस, दर दिवसाला चोवीस चौकोन,
चौकोनात नावं, ज्याच्या त्याच्या पेनाने.
पहाटे तीन ते चार: रणभिसे, एस्तेर.
ते पाळकसाहेबांनी लिहिलं, स्पेलिंग चुकवून.
देवाला कळेल, म्हणाले.
रात्री आठला सूप, मग पुन्हा आठपर्यंत पाणी.

फरशीदसाठी आहे हे सगळं.
त्याला काम करायची परवानगी नाही,
म्हणून रविवारी उपासनेनंतर
मागच्या खोलीत मंडळीचे केस फुकट कापतो.
त्याची तारीख शुक्रवारी.
तारीख त्याच्या भाषेतही तारीखच,
वकील वकीलच, हुकूम हुकूमच.
एवढ्या तीन शब्दांवर आमची ओळख.
तिथे त्याला विचारणार,
तुझा विश्वास खरा कशावरून?
बारा शिष्यांची नावं सांग.
मी घरी येऊन बोटं मोडत बसले.
मला दहाच आठवली.

तिसऱ्या रात्री माझी ड्यूटी होती.
होलरॉइडबाई जाग्या, अंथरुणात ताठ बसलेल्या.
कधीकाळी याच चॅपलात मुलांना शिकवायच्या,
आता स्वतःच्या मुलाचं नाव विसरल्यात,
खाणंही विसरत चालल्यात.
फाइलीतली वजनाची रेघ
दर आठवड्याला उतरणीला.
त्या रात्री म्हणाल्या, टोस्ट.
घड्याळात तीन वाजून दहा. म्हणजे माझा चौकोन.
गुडघ्यांवर असायची वेळ,
आणि मी टोस्टरपाशी उभी,
लोणी वितळताना पाहणारी.
पोटाने लाज सोडली, मोठ्यांदा बोललं.

बाईंनी हात जोडले,
जेवणाआधीची प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली,
एक शब्द इकडचा तिकडे नाही.
मग बशी माझ्याकडे सरकवली. आधी तू.
मी म्हटलं, माझा उपास आहे.
बशी पुन्हा माझ्याकडे. आधी तू.
असं चार वेळा.
टोस्ट गार होऊन वातड झाला.
बाहेर गाडीच्या काचेवरचं हिव कोणीतरी खरवडत होतं.

मी कोपरा तोडला. खारट लोणी.
तेव्हा कुठे त्यांनी घास घेतला,
दुसरा घेतला,
अख्खा तुकडा संपवून कडा माझ्यासाठी ठेवल्या
आणि झोपल्या.

आमच्या भाषेत उपास धरतात.
धरलेला सोडतात, नाहीतर तो मोडतो.
आणि कधी कधी, ठरवलेलं नसताना,
घडतो.
यांतलं त्या रात्री काय झालं
ते मी पाळकसाहेबांना विचारलेलं नाही.
देशिंगकर काकू असत्या तर म्हणाल्या असत्या,
चालतं.

शुक्रवारी सगळे मागच्या खोलीत.
ब्लेसिंगबाईंनी सुपाचं पातेलं मंद आचेवर ठेवलेलं,
झाकण कोणी उचललं नाही.
सव्वापाचला फोन आला: निकाल राखून ठेवलाय.
किती दिवस, ते सांगितलं नाही.
कोणी रडलं नाही, कोणी आमेनही म्हटलं नाही.
फरशीदने कात्री काढली,
वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्या फ्रँकच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला.
पाळकसाहेबांनी नवा कागद घेतला,
पट्टीने रेघा मारायला बसले.

पहाटे तीन ते चार.
या वेळी नाव मीच लिहिलं,
आणि त्याखाली, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात,
होलरॉइडबाई.