अर्धं झाकण

राइलीनं किल्ली दिली ती जिन्यातच.
ऑक्टोबर ते मार्च, आर्रे, खायला काही घालायचं नाही.
पाणी तेवढं. तेही मातीत बोट खुपसून बघून.
मी मान हलवली. ॲम्ब्युलन्सवाल्या पोराला घाई होती,
बॅग त्याच्या हातात, तिच्या सपाता माझ्या.

ताम्पेरेत नोव्हेंबर म्हणजे
उजाडतं न उजाडतं तोच कुणीतरी दिवा मालवतं.
तिच्या घरात अठरा कुंड्या.
दोन सासूच्या जिभा (आमच्याकडे त्या झाडाला हेच म्हणतात),
तळघरात झोपवलेली जिरेनियमं,
एक निवडुंग, ज्याला ऐन काळोखात गुलाबी फुलायचं सुचतं,
आणि खिडकीशी ते,
छताला डोकं टेकलेलं,
व्हायोलिनच्या अंगासारखी कमरेत आत गेलेली पानं.
याचे नातेवाईक आफ्रिकेत ढगांच्या खाली राहतात, ती सांगायची,
आणि हे इथे
रेडिएटरला पाठ लावून
बर्फातल्या ट्राम मोजतंय.

पहिलं पान गळलं तेव्हा आवाज झाला.
खरंच झाला. पुठ्ठा पडावा तसा.
त्याच दुपारी तिनं हॉस्पिटलातलं ताट बाजूला सारलं,
सूप, उकडलेला बटाटा, सगळं.
दोन घास, मी म्हटलं.
ती भिंतीकडे वळली.

घरी येऊन सिंकखालची हिरवी बाटली काढली.
लिटरभर पाण्याला एक झाकण, असं लिहिलेलं.
मी तीन ओतली.

एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत
लगद्याच्या भट्टीवर होतो मी.
माप चुकलं की अख्खी पाळी वाया,
हे नव्या पोरांना शिकवणारा मीच.
पण त्या रात्री
कुणाच्या तरी पोटात काहीतरी जायला हवं होतं.

असे तीन शनिवार.
पानांच्या कडा करपलेल्या पावासारख्या झाल्या.
मातीवर पांढरी खपली धरली,
नखानं खरवडली तर मीठ.
अति तेथे माती म्हणतात.
इथे माती आधीपासूनच होती,
अति तिलाच झालं.

खालच्या मजल्यावरची साइमी आली, चष्मा कपाळावर,
झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
झोपलेल्याच्या तोंडात घास कोंबतोस होय रे?
मुळं पोळलीत त्याची. धू आता.

गालिच्यावर कुंडी ठेवून बाथरूमपर्यंत ओढली.
गुडघ्यांनी शिव्या दिल्या.
शॉवरचं पाणी मनगटावर तपासलं, कोमट,
आणि सोडलं.
आधी चहासारखं वाहिलं, मग पातळ चहासारखं,
मग नुसतं पाणी.
मी कमोडवर बसून होतो, पँट भिजलेली,
आणि एवढ्या वेळात
एक शब्दही त्याला समजावला नाही.

दुसऱ्या दिवशी ताटाचं नाव काढलं नाही.
पानं कशी आहेत, तिनं विचारलं.
एक गळलं, मी म्हटलं. गळली होती पाच.
मग तिनं पाणी मागितलं.
पेला धरला. तिनं हवं तेवढं घेतलं,
उरलेलं मी प्यायलो.

मार्चमध्ये ऊन तिसऱ्या फळीपर्यंत आलं.
शेंड्याचं तपकिरी टोपरं एका बाजूनं उसवलेलं,
आत ओलं, हिरवं, घडी न मोडलेलं काहीतरी.
बाटलीला मी हात लावला नाही.

सपाता दाराशी मांडून ठेवल्या होत्या.
ती आली, काठी टेकत,
कोट न काढता थेट झाडापाशी गेली,
खोडावरचे वण बोटानं मोजले.
एक म्हणाला होतास.

मी काही बोललो नाही.
कुंडीला आधी साधं पाणी घातलं तिनं, ते मुरू दिलं,
मग झाकण उजेडात धरलं,
अर्धं भरलं,
डोळे बारीक करून बघितलं
आणि त्यातलंही थोडं
बाटलीत परत ओतलं.