पाव आटा

फ्रिजवरचा नारिंगी दिवा अकरा दिवस लागलेला.
पाणी ग्लासात उतरतं ते
सुईत दोरा ओवावा तितक्या धारेने.
कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला,
भेटीचे सहाशे, फिल्टरचे वेगळे,
आणि घोडबंदरला आमची गाडी मंगळवारनंतरच.
फिल्टर मी दुकानातून आणला.
बाबा म्हणाले, बसवायचं मी बघतो.

बाबा बघतात म्हणजे जमिनीवर बसतात.
एकतीस वर्षं असेच बसले,
वागळे इस्टेट, पहाटे पावणेचार,
लोखंडी झाकण बाजूला, लांब चावी खड्ड्यात,
तोंडात आकडे.
किसननगरला बावीस आटे,
सावरकरनगरला एकोणीस,
विसावा फिरवला की खालच्या गल्लीतले हंडे कोरडे.
काशिनाथ भोईर हे नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.
चावीवाला म्हणत.
शिव्याही त्याच नावाने यायच्या.

माहितीपुस्तकात सहा भाषा, आपली नाही.
चित्रात एक हात, मनगटापाशी कापलेला,
भाजीच्या कप्प्यामागे काहीतरी फिरवतोय.
पण कप्पा बाहेर येईना.
दार भिंतीला अडतं, कप्पा दाराला.
बिल्डरने फ्रिजला कोनाडा दिलाय
ब्रोशरमधल्या फ्रिजच्या मापाचा.
"लपवायचं कुठं ते बसवणाऱ्याला कळतं," बाबा म्हणाले,
"उघडणाऱ्याला कोण विचारतं?"

मग मी आणि सौमिल, दोघांनी ओढला.
अर्धी वीत. अजून चार बोटं.
नळी ताणू नका, नळी! बाबा ओरडले.
मागून निघालं विजेचं एक बिल, भरलेलं,
वाळलेली गवार,
आणि बुद्धिबळातला पांढरा उंट,
ज्याच्या जागी दोन वर्षं आम्ही खोडरबर खेळवला.

मेथी, दोन बीट, विसरलेला अर्धा नारळ
लादीवर मांडून झालं.
बाबांनी हात आत घातला, खांद्यापर्यंत,
आणि डोळे मिटले.
टॉर्च धरू का, तर मान हलवली.
"किती आटे?"
पाव.
"पाव?"
पाव, बाबा. डावीकडे.

मनगट तयार होतं बावीसला.
फिल्टर इतक्यात सुटून आला
की जिना संपल्यावरही
अजून एक पायरी समजून पाय पडावा
तसा त्यांचा हात रिकाम्यात पुढे गेला.

जुना नव्याहून जड.
कोपरावरून ओघळ लुंगीपर्यंत.
बाबांनी त्याचा वास घेतला.
"भातसा," म्हणाले.
मी हसले. ते हसले नाहीत.

नवा बसला, टक्.
पहिलं चार लिटर ओतून द्या, असं पुस्तकात होतं,
मी मोठ्याने वाचलं,
बाबांना तेवढंच ऐकू आलं नाही.
बादली, कुकर, दोन पातेली, सौमिलची डब्याची बाटली,
सगळ्यांत करडं पाणी,
संध्याकाळी त्यानेच बाल्कनी धुतली.

बटण तीन सेकंद दाबलं. दिवा निळा.
दिव्यावर त्यांचा भरवसा नाही.
चिकटपट्टीवर बॉलपेनने तारीख, वेळ, सही,
आणि ती पट्टी कप्प्याच्या पाठीला,
जिथे सहा महिने कुणी बघणार नाही.

हात पुसता पुसता विचारलं,
"ह्या चावीच्या पुढं किती घरं?"
एकच. आपलं.
फडक्याची घडी त्यांनी मोडली,
पुन्हा घातली.

शुक्रवारी पालिकेचं पाणी चोवीस तास बंद.
टाकी दुपारीच संपली.
दिवा निळाच होता.
मी ग्लास लावला तर फ्रिज नुसता घरघरला.
"वरून बंद आहे," बाबा म्हणाले,
पेपर खाली न करता,
आणि मग, स्वतःशीच,
आज ड्यूटीवर कोण असेल त्याचं नाव.